आजचं अंडं आजच सोलायचं असेल तर

रविवारी आमच्या खानावळीत अंड्याचं कालवण असतं. लातूरच्या कडेला घर, घरात वीस पोरांची खानावळ, आणि मागच्या मोकळ्या जागेत माझ्या अठरा कोंबड्या आणि एक कोंबडा. पोरं नांदेडची, परभणीची, हिंगोलीची, धाराशिवची, शिकायला आलेली. थंडीच्या दिवसांत कोंबड्या रोज सहा-सात अंडी देतात. सोमवार ते शनिवार साठवली की चाळीसच्या आसपास होतात, आणि पोरामागं दोन हा हिशोब बरोबर बसतो.

पण पहिली दोन वर्षं ही चाळीस अंडी सोलताना माझा जीव रडकुंडीला यायचा. टरफलाचा नखाएवढा तुकडा उचलावा, तर त्याच्या पाठीला चिकटून पांढऱ्याचा लचका यायचा. दुसरा तुकडा, दुसरा लचका. शेवटी हातात राहायचं ते खड्डे पडलेलं, एका बाजूनं पिवळं उघडं पडलेलं अंडं, आणि परातीत टरफलाला लागून वाया गेलेलं पांढरं. दुकानातून ट्रे आणला तर तीच मी, तेच भगुनं, तेच पाणी, पण अंडी कशी गुळगुळीत निघायची. घरच्या कोंबडीचं चांगलं अंडं पोरांच्या ताटात असं फाटकं वाढताना मला फार वाईट वाटायचं.

माझी जाऊ म्हणाली, "तुझ्या कोंबड्यायला चुना कमी पडायलाय बघ." मी महिनाभर शिंपल्यांचा चुरा घातला. टरफलं जाड झाली, सोलायला मात्र तशीच. कुणी म्हणालं पाण्यात मीठ टाका, कुणी म्हणालं खायचा सोडा टाका. सगळं करून झालं.

मग मी पेन्सिल घेतली. अंडं खुराड्यातून उचललं की त्याच्यावर वाराचं अक्षर लिहायचं. सो, मं, बु, गु, शु, श. रविवारी सोलताना टरफलं अक्षराप्रमाणं वेगळी ठेवली. तीन रविवार केलं तेव्हा डोळ्यांसमोर आलं. 'सो' आणि 'मं' ची अंडी सरळ सुटत होती, 'गु' ची थोडी धरून ठेवत होती, आणि 'श' चं एकही अंडं धड निघत नव्हतं. कोंबडीत काही कमी नव्हतं. अंडं ताजं होतं, एवढंच. दुकानातलं अंडं पोल्ट्रीतून निघून, गाडीत बसून, दुकानात थांबून आपल्या हातात येईपर्यंत त्याला काही दिवस झालेले असतात, म्हणून ते सुटतं.

खानावळीत जेवणारा एक पोरगा मेडिकलच्या परीक्षेची तयारी करत होता. त्यानं वहीवर काढून मला कारण समजावलं. कोंबडी अंडं घालते तेव्हा पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो. सोड्याच्या बाटलीत असतो तोच. त्यामुळं पांढऱ्याचा सामू, म्हणजे आंबटपणा-खारेपणा मोजायचा आकडा (pH), कमी असतो, आठच्या आत-बाहेर. टरफलाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात. त्यांतून तो वायू हळूहळू निघून जातो आणि काही दिवसांत सामू नऊच्या वर चढतो. टरफलाच्या आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा असतो. सामू कमी असेल तर शिजताना पांढरं त्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतं, चढलेला असेल तर सोडून देतं. हे खरं का ते बघायचं असेल तर आजचं अंडं आणि आठ दिवसांचं अंडं दोन वाट्यांत फोडून शेजारी ठेवा. आजच्याचं पांढरं दुधाळ, धुरकट दिसेल आणि पिवळ्याभोवती घट्ट उभं राहील. जुन्याचं स्वच्छ पाण्यासारखं दिसेल आणि पसरेल. तो धुरकटपणा त्या वायूचाच.

सासूबाईंना हे वहीशिवाय ठाऊक होतं. गावाकडं औशाजवळच्या घरात त्या अंडी ज्वारीच्या डब्यात खुपसून ठेवायच्या. नवी नवरी असताना मी ताजी म्हणून वरची उचलली, तर म्हणाल्या, "ती नको गं, खालची काढ. मुरू दी की जरा." लोणचं मुरतं तसं अंडं मुरतं हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

थांबायला वेळ असेल तर

उकडायची अंडी वेगळी ठेवा आणि आम्लेट-भुर्जीला ताजी वापरा. आमच्या घरात आता हाच नियम आहे. थंडीत घरात सावलीला ठेवलेलं अंडं सात-आठ दिवसांनी छान सोलतं. उन्हाळ्यात वायू लवकर निघतो, चार दिवसांतही काम होतं. फ्रिजमध्ये मात्र सगळंच सावकाश चालतं, तिथं दोन आठवडे धरा.

उन्हाळ्याचं एक सांगते, कारण आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. ज्यांच्या कोंबड्यांत कोंबडा आहे, त्यांच्या अंड्यांत जीव असतो. अशा उकाड्यात कोंबडी न बसताही आत पिल्लू धरायला सुरुवात होऊ शकते आणि अंडं लवकर नासतं. तेव्हा मार्चनंतर अंडी दिवसातून दोनदा गोळा करा आणि थेट फ्रिजमध्ये, नाहीतर माठाशेजारच्या ओलसर गारव्यात ठेवा. बोथट बाजू वर, निमुळती खाली.

धुऊन ठेवू नका. कोंबडी अंडं घालते तेव्हा त्याच्यावर ओलसर लेप असतो, तो लगेच वाळतो आणि छिद्रं झाकतो. तोच अंड्याचं रक्षण करतो. धुतलं की तो लेप जातो. शेण-माती लागली असेल तर कोरड्या फडक्यानं किंवा नारळाच्या काथ्यानं पुसा. उकडायच्या आधी धुवा, आणि ते पाणी अंड्यापेक्षा किंचित कोमट असू द्या. गार पाण्यात अंड्यातला माल आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते.

कुठलं अंडं किती दिवसांचं हे लिहायचं राहिलं असेल तर तांब्याभर पाण्यात सोडून बघा. तळाला आडवं झोपलं तर अगदी ताजं. बोथट बाजू वर उचलली तर आठवड्याच्या पुढचं, उकडायला सगळ्यात उत्तम. तळाला टेकून उभं राहिलं तर जुनं, लगेच वापरायचं. वर तरंगलं तर त्याचा मोह सोडा. अंड्यातलं पाणी उडून बोथट टोकाची हवेची पोकळी वाढत जाते, म्हणून ते असं उठतं.

वेळ नसेल तर वाफ

पाहुणे दारात आले, घरात सकाळचीच अंडी आहेत, मग काय? त्याला मार्ग आहे आणि तो मला पाण्याच्या तंगीनं दाखवला.

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. चाळीस अंडी बुडतील एवढं पाणी म्हणजे मोठं भगुनंभर, आणि अंडी उकडल्यावर त्या पाण्याचं करायचं काय? माझ्यानं ते सांडवेना. मग एका रविवारी भगुन्यात दोन तांबे पाणी ठेवलं, वर भाताची पितळी चाळणी बसवली, चाळणीत अंडी मांडली, झाकण ठेवलं. इडलीसारखी वाफवली. त्या दिवशी सोलायला बसले तेव्हा 'श' लिहिलेलं अंडं हातात आलं. टरफल दोन तुकड्यांत सुटलं. मी ते अंडं सुनेला हाक मारून दाखवलं. खाली पांढरं काचेसारखं गुळगुळीत, एक खड्डा नाही. पुढचं 'श' चं घेतलं, तेही तसंच.

मुद्दा असा आहे की अंड्याला एकदम धग लागली पाहिजे. गार पाण्यात अंडी घालून गॅस पेटवला तर पांढरं सावकाश तापतं आणि सावकाश शिजताना पापुद्र्याला चिकटून बसतं. उकळत्या वाफेत टाकलं तर पांढऱ्याचा बाहेरचा थर झटक्यात घट्ट होतो, पापुद्र्याला धरायला त्याला वेळच मिळत नाही. मी आधी दोन वर्षं गार पाण्यापासून सुरुवात करत होते. ताज्या अंड्याला त्याच्याइतकं वाईट काही नाही.

आता कृती सांगते. भगुन्यात दोन बोटं पाणी घ्या, चाळणीला टेकणार नाही एवढं. चाळणी बाजूला ठेवा, आधी नुसतं पाणी झाकण लावून खळखळ उकळू द्या. फ्रिजमधली अंडी असतील तर अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवलेली असावीत, नाहीतर तडकतात. झाकण काढल्यावर वाफ तोंडावर आली पाहिजे. तेव्हा अंडी मांडलेली चाळणी वर बसवा, हात वाफेपासून जपा, झाकण ठेवा आणि त्याच क्षणी घड्याळ बघा. गॅस मोठा आहे तसाच पहिली दोन मिनिटं, मग मध्यम. झाकणाच्या कडेनं वाफ निघत राहिली पाहिजे. ती थांबली तर गॅस फार बारीक झालाय.

मिनिटांचा हिशोब कोंबडीवर आहे. माझी तांबडी आणि कवडी या गावरान, त्यांचं अंडं ३५-४० ग्रॅमचं. त्याला दहा मिनिटांत पिवळं मधोमध जरा ओलसर राहतं आणि बारा मिनिटांत पूर्ण घट्ट होतं. गिरिराज आणि वनराज या सुधारित जातींच्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, मी नंतर आणल्या, त्यांचं अंडं ५०-५५ ग्रॅमच्या पुढं जातं, दुकानातल्या अंड्याएवढं. त्याला तेरा-चौदा मिनिटं द्या. एका चाळणीत दोन्ही घालायची असतील तर मोठी आधी, दोन मिनिटांनी लहान. दुकानातल्या मोठ्या अंड्याचा वेळ गावरान अंड्याला लावला तर ते जास्तच शिजतं, हे लक्षात ठेवा. आणि मुंबईच्या बहिणीनं सांगितलेल्या वेळेत आपल्याकडं एखादं मिनिट जास्तच धरा. आपलं हे पठार समुद्रापासून पाच-सहाशे मीटर उंच आहे, इथं पाणी शंभरावर न उकळता ९८ अंशांच्या आसपास उकळतं.

कालवणासाठी असेल तर दहा मिनिटं बास, कारण पुढं ते रश्श्यात परत उकळणार आहे. लहान लेकरं, गरोदर बाई, आजारी माणूस यांच्यासाठी मात्र पिवळं पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवा. ओलसर पिवळं त्यांना देऊ नका.

जास्त शिजलं की पिवळ्याभोवती हिरवट-करडं कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांचा तो संयोग. खाल्लं तर काही होत नाही, पण पिवळं खरखरीत लागतं आणि वास येतो. कुकरच्या तीन-तीन शिट्ट्या काढणाऱ्या घरांत हे कडं हमखास दिसतं. कुकर वाईट नाही. चाळीस अंड्यांना मी आता कुकरच वापरते, पण शिट्टी काढून ठेवून, नुसता वाफेसाठी. तळाला पाणी, वर जाळी, वर अंडी. वाफ सरळ वरून निघते आणि वेळ भगुन्याएवढाच लागतो.

चाळणीही नसेल, शेतात चुलीवर आहात, तर भगुन्यात पाणी उकळू द्या आणि झाऱ्यानं एकेक अंडं अलगद तळाला सोडा. अर्धा मिनिट खळखळू द्या, मग जाळ कमी करा, नाहीतर अंडी एकमेकांवर आपटून फुटतात. गावरान अंड्याला दहा-अकरा मिनिटं. वाफेइतकं देखणं निघत नाही, पण गार पाण्यापासून सुरू करण्यापेक्षा कितीतरी बरं.

मीठ-सोड्याबद्दल मला विचारतात म्हणून सांगते. मिठानं सोलणं सोपं होत नाही. एखादं अंडं तडकलं तर बाहेर येणारं पांढरं मिठाच्या पाण्यात तिथंच गोठतं, एवढाच त्याचा उपयोग. सोडा मी बऱ्याचदा टाकून पाहिला, ताज्या अंड्यात मला फारसा फरक दिसला नाही. बोथट टोकाला टाचणीनं भोक पाडणंही मी सोडलंय. ताज्या अंड्यात हवेची पोकळी एवढीशी असते की टाचणी आतल्या पांढऱ्यालाच लागते.

गार करायचं ते माठाच्या पाण्यानं

शहरातल्या बायका बर्फ म्हणतात. आमच्याकडं मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून हात भाजेल असं येतं, त्यात अंडी गार कशी होणार? मी सकाळीच एक जुना माठ भरून सावलीला ठेवते. वेळ झाली की अंडी चाळणीतून थेट घमेल्यात आणि वर माठातलं पाणी. पाच मिनिटांत ते पाणी कोमट होतं. ते काढून दुसरं घाला आणि आणखी दहा मिनिटं ठेवा. पहिलं कोमट पाणी मी निवल्यावर कढीपत्त्याच्या बुडाला घालते, एक थेंब वाया जात नाही.

गार करणं म्हणजे नुसतं हाताला सोसेल इतकं करणं नाही. दोन कामं होतात. एक म्हणजे आतली धग थांबते, नाहीतर गॅस बंद केल्यावरही पिवळं शिजतच राहतं आणि ते हिरवं कडं येतं. दुसरं म्हणजे आतला माल आकसतो आणि टरफलापासून जरा सुटा होतो. म्हणून इथं घाई करू नका. मी घमेल्यात टाकल्यावर दोन-तीन मिनिटांनी प्रत्येक अंडं बोथट टोकावर हलकंच टिचवते आणि परत पाण्यात सोडते. त्या भेगांतून पाणी आत शिरतं आणि पापुद्र्याखाली जाऊन बसतं. पुढचं अर्धं काम ते पाणी करतं.

सोलताना हात कसा चालवायचा

अंडं हातात धरून बघा, एक टोक बोथट असतं, एक निमुळतं. सुरुवात नेहमी बोथट टोकानं. तिथं हवेची पोकळी आहे, टरफल आणि पांढरं यांच्यात आधीच फट आहे. तिथं टिचवा, मग अंडं ओट्यावर आडवं ठेवा, तळहात वर ठेवून भाकरीचा उंडा फिरवतो तसं हलक्या दाबानं एकदा पुढं, एकदा मागं. सगळ्या टरफलाला जाळीसारख्या भेगा पडल्या पाहिजेत. चर्र असा बारीक आवाज येतो. जोर लावला तर पांढरंच फुटतं, म्हणून हात हलका.

आता खरी जागा. बोथट टोकाचा टरफलाचा तुकडा काढला की खाली एक पांढरट, ओला, पातळ पापुद्रा दिसतो. बरेच जण तो बघतच नाहीत. ते टरफलाचे तुकडे पापुद्र्यावरून खरवडत बसतात आणि पापुद्रा अंड्यालाच राहतो. तो पापुद्रा अंगठ्यानं चिमटीत उचला. तो उचलला की त्याच्या मागोमाग टरफल येतं, कारण सगळे तुकडे त्यालाच शिवलेले असतात. नखं वापरू नका. अंगठ्याचा मऊ भाग पापुद्रा आणि पांढरं यांच्या मध्ये सरकवा आणि अंडं फिरवत जा, अंगठा एकाच जागी ठेवा. घमेल्यातल्या पाण्यात बुडवूनच सोला, पाणी आपोआप आत शिरत जातं आणि टरफलाचे बारीक कण धुतले जातात. नीट उकडलेलं अंडं पाच-सहा तुकड्यांत मोकळं होतं.

मध्येच कुठं धरलं, लचका यायला लागला, तर तिथंच थांबा. ती जागा सोडून दुसऱ्या बाजूनं या, नाहीतर अंडं पाण्यात टाकून दुसरं घ्या. पाच मिनिटांनी तेच अंडं हातात घेतलं तर बहुतेक वेळा सुटतं. इतकं करूनही नाहीच सुटलं तर सोलू नका. धारदार सुरीनं टरफलासकट उभं मधोमध कापा आणि चमच्यानं दोन्ही अर्ध्या फोडी काढून घ्या. चमचा टरफलाला लावून फिरवला की सबंध अर्धं बाहेर येतं. एकदा माझ्या माहेरचे पाहुणे न सांगता आले तेव्हा सकाळचीच सात अंडी होती. ती सगळी मी अशीच कापून वर काळं तिखट आणि कच्चं तेल घालून ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढली. एकाही ताटात टरफलाचा कण नव्हता.

खुडूक कोंबडीखालचं अंडं

हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली बाकीच्या कोंबड्याही जाऊन अंडी घालतात. एका वर्षी माझी काळी खुडूक होती, मी तिच्याखालची दोन अंडी ताजी समजून उचलली आणि उकडायला टाकली. सोलताना पहिल्याच अंड्यात वाढायला लागलेला जीव निघाला. त्या दिवशी मला घास गेला नाही.

तेव्हापासून अंडी रवण, म्हणजे उबवायला, ठेवायच्या दिवशीच मी तिच्याखालच्या अंड्यांवर पेन्सिलीनं गोल रेघ मारते. रेघ नसलेलं अंडं दिसलं तर ते नंतर आलेलं, ते त्याच दिवशी काढायचं. रेघ राहिली असेल, किंवा कुंपणाच्या झुडपात एखादं घरटं सापडलं, तर रात्री अंधारात मोबाइलच्या बॅटरीवर अंडं धरून बघा. मूठ मिटून फक्त बोथट टोकाला उजेड लागू द्या. सगळं एकसारखं नारिंगी दिसलं तर ठीक. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर ते कोंबडीखाली परत ठेवा. एकविसाव्या दिवशी पिल्लू निघतं. काळपट गढूळ दिसलं, हलवल्यावर आत डुचमळलं, तर लांब खड्ड्यात पुरा.

उकडलेली किती टिकतात

उकडल्यावर तो संरक्षक लेप गेलेला असतो, म्हणून उकडलेलं अंडं कच्च्यापेक्षा लवकर खराब होतं. हे पुष्कळांना उलटं वाटतं. टरफलासकट फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवडाभर चालतं. बाहेर दोन तासांच्या वर नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात एका तासाच्या वर नाही. पोरांच्या डब्यात द्यायचं असेल तर पूर्ण गार करून, पुसून, कोरडं भरा. गरम अंडं डब्यात कोंडलं की घाम सुटतो आणि दुपारपर्यंत वास यायला लागतो.

कालवणाच्या अंड्यांना सुरीनं चार उभ्या चिरा द्या, पिवळ्यापर्यंत नको, पांढऱ्यापुरत्याच. येसराचा, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाचा, रस्सा खळखळत असताना शेवटची पाच मिनिटं अंडी त्यात सोडा. मसाला चिरांतून आत जातो आणि अंडं फुटत नाही.

टरफलं टाकू नका. धुऊन गच्चीवर कडक उन्हात दोन दिवस वाळवा. वाळलेल्या टरफलांवर पेन्सिलीचं अक्षर तसंच असतं. मग पाट्यावर बारीक, रव्यासारखी वाटा आणि भरड्यात मिसळून कोंबड्यांना घाला. टरफल म्हणजे जवळपास सगळा चुनाच, तो परत त्यांच्याच पोटात जातो. पण तुकडे ओळखू येतील असे ठेवू नका. टरफलाची चव ओळखीची झाली की कोंबडी खुराड्यात स्वतःचंच अंडं फोडून खायला लागते, आणि एकीला लागलेली ती सवय बाकीच्या बघून बघून शिकतात.